जाऊबाईंचे तीन मिलिमीटर

माझी धाकटी जाऊ काही वाईट बाई नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना मला मध्येच टोकू नका. वाईट असती तर किती बरं झालं असतं! वाईट माणसावर जळायला कुणाची परवानगी लागत नाही. ही चांगली आहे, कामाची आहे, हळू बोलते, आणि गेली नऊ वर्षं माझ्या डोळ्यांत खुपते आहे. त्यातली चार तर घरी आणि कामावर, दोन्हीकडे.

तिचं माहेर म्हणजे एका बोळातलं शिंप्याचं दुकान. आई लवकर गेली, बाप मशीनवर, आणि ही पोर स्टुलावर उभी राहून गिऱ्हाइकांची मापं घ्यायची. शाळेतून आली की दप्तर खाली आणि टेप गळ्यात. छाती छत्तीस, बाही बावीस, असं बोलत बोलतच मोठी झाली. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मला वाटलं, गरीब गाय आहे, राहील आपल्या धाकात. आठव्या दिवशी मी आरशासमोर केस विंचरत होते, तर ही मागून म्हणते कशी, "जाऊबाई, तुमचा डावा खांदा अर्धं बोट खाली आहे. म्हणून ब्लाउज तिरका बसतो."

अगं बाई! चौतीस वर्षं तो खांदा माझ्याकडे होता, कधी कुणाची तक्रार नव्हती. तेव्हापासून फोटो काढताना मी डावा खांदा उचलून उभी राहते, आणि आमचे हे विचारतात, मान दुखतेय का.

घरातलं काय काय सांगू? सासूबाईंना औषधाचे थेंब मोजून द्यायचे तर धाकटीच हवी, माझ्या हातून म्हणे दोन जास्त पडतात. आमच्या दाराच्या चौकटीवर मुलींच्या उंचीच्या खुणा आहेत. माझी मुलगी मोठी, तिची लहान. वाढदिवसाला दोघींना उभं करायचं आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. मागच्या वर्षी माझी मुलगी चार सेंटिमीटर वाढली आणि तिची सात. आता लहान पोर जास्तच वाढणार, हे मला कळत नाही का? कळतं हो. पण सासूबाई चष्मा लावून म्हणाल्या, "धाकटीचं सगळंच कसं वाढतं बाई!" आणि मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

बरं, तिला कामाला लावली कुणी? मी. हे कुणी विसरू नये. रोपांच्या प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षं मोजणीचं काम करते आहे. प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्या आणि रंगीत धूर असं काही समजू नका. काचेच्या छपराची एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना टेबलं, टेबलांवर कुंड्या, कोपऱ्यात नळ, आणि टोकाला मॅडमची केबिन. मॅडम शास्त्रज्ञ. काम वाढलं तेव्हा म्हणाल्या, मोजायला अजून एक हात हवा, तुमच्या ओळखीत आहे का कुणी? आणि मी, शहाणी, बोलून गेले, "आमची जाऊ आहे ना." स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला मला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी तिच्यासमोर एक कुंडी ठेवली. म्हणाल्या, "हे रोप किती वाढलंय, सांग बघू."

नवीन आलेला कुणीही काय करतो? घाईघाईनं पट्टी काढतो आणि मोजायला लागतो. हिनं पट्टीला हातसुद्धा लावला नाही. रोपाकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं आणि विचारलं, "आधी किती होतं?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच! "वा!" म्हणाल्या. "हेच. वाढ रोपात दिसत नसते, दोन आकड्यांच्या मधे असते. आधीचा आकडा नसेल तर आत्ताच्या आकड्याला काही अर्थ नाही."

आता मला सांगा, हे मला माहीत नव्हतं का? तेव्हाच पंधरा वर्षं झाली होती, मी दुसरं काय करत होते? पण मला कधी कुणी विचारलंच नाही. मला आल्या दिवशी पट्टी हातात दिली होती आणि म्हणाले होते, ती चाळीस रोपं उरक.

ज्या प्रयोगाबद्दल मी सांगते आहे तो यंदाचा. एका झाडाची रोपं होती, अगदी सावकाश वाढणारी, आठवड्याला मिलिमीटर-दीड मिलिमीटर. मॅडमनी एक पावडर तयार केली होती. पाण्यातून दिली तर रोपं जास्त वाढतात का, हे बघायचं होतं. एकशेवीस कुंड्या. डावीकडच्या टेबलावरच्या साठ माझ्या, उजवीकडच्या साठ तिच्या. अर्ध्या कुंड्यांना पावडरचं पाणी, अर्ध्यांना साधं, आणि दोन्ही प्रकार दोन्ही टेबलांवर मिसळलेले. साधं पाणी का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. अहो, पावडर न घालताही रोप वाढतंच की! साध्या पाण्यावर दहा वाढलं आणि पावडरवर तेरा, तर पावडरीची कमाई तीनच, तेरा नव्हे.

कुठल्या कुंडीला काय मिळतंय हे आम्हाला सांगत नसत. माळीबुवांकडे दोन झाऱ्या होत्या, एकीला लाल पट्टी, एकीला निळी. कुठलीत काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मोजणाऱ्याला कळलं की त्याचा डोळा आपोआप हवं ते बघायला लागतो, असं मॅडम म्हणायच्या. मी आपली मनात अंदाज बांधायचे. धाकटी तेवढंही करायची नाही. एकदा विचारलं तर म्हणाली, "गिऱ्हाईक लग्नाला चाललंय की मयताला, त्यानं छातीचं माप बदलतं का?" असं बोलते! आणि माळीबुवा पोट धरून हसले.

सगळ्यात मोठा नियम शेवटचा. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत काही बदलायचं नाही. तोच हात, तीच पट्टी, तीच वेळ. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता, पाणी घालायच्या आधी, पट्टीचं टोक मातीवर टेकवायचं आणि शेंड्यापर्यंत वाचायचं. सोळा आठवडे.

माझी पट्टी लाकडी होती. कामावर लागले त्या वर्षीची. आकडे पुसट झाले होते, पण मला पाठ होते. एकोणीस वर्षं ओल्या मातीत टेकवून टेकवून खालचं टोक झिजलं होतं, हे मला माहीत होतं आणि मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. धाकटीची पट्टी नवी, स्टीलची. ती मोजायची कशी, तेही बघा. मी उभ्याउभ्या वाकून वाचते. ही गुडघ्यावर बसायची, डोळा शेंड्याच्या रेषेत आणायची, एक डोळा मिटायची आणि आकडा दोनदा पुटपुटून मगच लिहायची. साठ कुंड्यांना साठ वेळा गुडघ्यावर! मला वाटायचं, कुणासाठी हे नाटक?

सुरुवातीच्या आठवड्यात मॅडमनी आमच्या दोघींकडून त्याच दहा कुंड्या वेगवेगळ्या मोजून घेतल्या होत्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले, मान हलवली आणि म्हणाल्या, "ठीक आहे, चालू द्या." त्यात काय दिसलं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नवव्या आठवड्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रजा घेतली मी. धाकटी कंत्राटावर होती, प्रयोग संपला की कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरणार होतं, त्यामुळे तिला रजा मागायची चोरी. मग त्या सोमवारी माझ्याही साठ कुंड्या तिनंच मोजल्या, तिच्या पट्टीनं. मी घरी सासूबाईंच्या डोळ्यांत थेंब घालत होते आणि त्या विचारत होत्या, "धाकटी कधी येईल गं?"

पुढच्या सोमवारी मी कामावर गेले. केबिनचं दार अर्धं उघडं होतं. आत मॅडम आणि धाकटी, समोर नोंदवही. मॅडम म्हणत होत्या, "तुझा आकडा अगदी बरोबर आहे. जाऊबाईंचा तीन मिलिमीटर जास्त येतो, दर वेळी."

बस्स. पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी चूक, आणि ही चार वर्षांची पोर बरोबर? तेही माझ्याच कुंड्यांवर, मी रजेवर असताना? मी तरातरा स्टोअरमध्ये गेले, स्टीलची नवी कोरी पट्टी काढली, आणि त्या दिवसापासून त्याच पट्टीनं मोजायला लागले. गुडघ्यावर बसून. हो, गुडघ्यावर! गुडघे कुरकुरायचे, पण बसायचे. एक डोळा मिटायची सवय नव्हती, तर आधी दोन्ही मिटायचे. मनात म्हणायचे, आता काढा बघू चूक.

नियम माहीत नव्हता असं नाही. पण मी स्वतःची समजूत घातली. चुकीचं सोडून बरोबर करायला लागले, तर त्यात बिघडणार काय? असा विचार दुसऱ्या कुठल्या कामात शहाणपणाचा ठरला असता. आमच्या कामात तो सगळ्यात मोठा मूर्खपणा होता, आणि तो करायला मला एकोणीस वर्षांचा अनुभव लागला.

जुनी पट्टी कचऱ्यात टाकणार होते, पण जिवावर आलं. पिशवीत घालून घरी नेली आणि स्वयंपाकघरात सुऱ्या ठेवतो त्या खणात, तळाशी, कागदाखाली सरकवून दिली.

सोळा आठवडे संपले. मंगळवारी मॅडमनी आम्हा दोघींना बोलावलं. तोंड उतरलेलं. कॉम्प्युटर आमच्याकडे फिरवला आणि म्हणाल्या, "ही चौदा नंबरची कुंडी. डावं टेबल. आठव्या आठवड्यात एकशेबेचाळीस मिलिमीटर, नवव्यात एकशेचाळीस. रोप आखडतं का कधी?"



"नवव्याचं मला कळतं," मॅडम म्हणाल्या. "त्या आठवड्यात हात बदलला, पट्टी बदलली. पण दहाव्या आठवड्यात जाऊबाई परत आल्या. आकडा परत वर जायला हवा होता. तो गेलाच नाही, शेवटपर्यंत खालीच राहिला. साठच्या साठ कुंड्यांचं हेच. आता जाऊबाईंचा हात तर बदलणार नाही. म्हणजे कुंड्यांनाच काहीतरी झालं." त्यांनी धाकटीकडे बघितलं. "त्या आठवड्यात शेजारच्या टेबलावर तू नव्या कुंड्या भरत होतीस. ह्या कुंड्यांवर माती पडली का? वर माती चढली की रोप तेवढं आखूड दिसणारच."

खरं सांगते, काय झालं ते. आधी मी घाबरले. जाऊबाईंचा हात बदलणार नाही, असं म्हणाल्या होत्या त्या, आणि माझा हात तर बदलला होता. पण त्या भीतीच्या मागोमाग एक गोड गोड गुदगुली झाली. चुकली! धाकटी चुकली! निदान सगळ्यांना तसं वाटलं. आणि मला फक्त गप्प बसायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. गप्प बसायला असं कितीसं लागतं?

"आठवून सांगते," धाकटी म्हणाली.

"शुक्रवारपर्यंत सांग," मॅडम म्हणाल्या. "मातीची पातळी कुणी मोजून ठेवली नव्हती. कुठल्या कुंडीवर किती पडली ते आता कुणाला कळणार? ह्या साठ मला काढून टाकाव्या लागतील. आणि मग तुझ्या कंत्राटाला मी काय म्हणून हो म्हणू?"

तीन दिवस घरात धाकटीनं चकार शब्द काढला नाही. भांडी घासली, मुलींचा अभ्यास घेतला, सासूबाईंचे थेंब मोजले. दिरांनी विचारलं, डोकं दुखतंय का, तर म्हणाली, हो. बुधवारी तिनं कपाटातून तिच्या बापाची कात्री काढली आणि तेल लावून ठेवली. मला कळलं, परत दुकानात जायची तयारी चालली आहे. आणि मी काय केलं? मी त्या संध्याकाळी चौकटीवरच्या खुणा बघत उभी राहिले आणि मनात म्हटलं, बघू आता कुणाचं काय वाढतं. असं म्हटलं मी. लपवून काय उपयोग?

गुरुवारी जुनी पट्टी बघावीशी वाटली. का, ते विचारू नका. घरात कुणी नाहीसं बघून खण उघडला, कागद उचलला.

पट्टी तिथेच होती, पण मी ठेवली होती तशी नव्हती. मी ती चिखलाच्या टोकासह कोंबली होती. आता टोक धुतलेलं होतं, पुसून कोरडं केलेलं होतं, आणि पट्टी खणाच्या कडेला सरळ लावून ठेवलेली होती, कापडाच्या दुकानात मोजायचा गज ठेवतात तशी. आमच्या घरात वस्तू अशी ठेवणारी एकच बाई आहे.

म्हणजे हिला माहीत होतं! मॅडमसमोर उभी होती तेव्हाही माहीत होतं, आणि तरी म्हणाली, आठवून सांगते.

तुम्हाला वाटेल, माझं मन द्रवलं. छे! अंगाचा नुसता तिळपापड झाला. ही मला वाचवते? हिची ही हिंमत? उद्या ही मॅडमना सांगणार, हो, माती माझ्याच हातून पडली, मग घरी बसणार, आणि मी जन्मभर हिच्या उपकाराखाली वाकून राहणार? बापाच्या दुकानात हिनं एक एक बाही शिवली की मला ती ऐकू येणार? नाही जमायचं. हिनं माझा खांदा मोजला, माझ्या कुंड्या मोजल्या, सासूबाई घेतल्या. माझी चूक तरी माझी राहू दे! तीही हिलाच हवी?

शुक्रवारी मी पट्टी पिशवीत घातली. केबिनमध्ये गेले तेव्हा धाकटी उभी होती आणि बोलायला सुरुवात झाली होती.

"माती पडली असेल, मॅडम," ती म्हणत होती. "मी भरत होते तेव्हा लक्ष नव्हतं."

"गप्प बस गं!" मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. "तुला कुणी सांगितला होता हा मोठेपणा?" आणि पट्टी मॅडमच्या टेबलावर आपटली. "माती बिती काही पडली नाही. दहाव्या आठवड्यापासून मी पट्टी बदलली. ही जुनी. टोक झिजलंय हिचं, म्हणून आकडा जास्त यायचा. मग मी धाकटीसारखी स्टीलची घेतली."

मॅडमनी पट्टी उचलली, झिजलेल्या टोकावर अंगठा फिरवला.  मग विचारलं, "का?"

"का म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना! हिचा बरोबर, जाऊबाईंचा तीन जास्त. दारातून ऐकलं मी."

"आणि पुढचं?"

"पुढचं काय?"

"पुढचं ऐकलं नाहीत?" त्यांनी पट्टी खाली ठेवली. "मी पुढे म्हणाले, तीन म्हणजे कायम तीन. दोन नाही, चार नाही. पहिल्या आठवड्यात दहा कुंड्या तपासल्या तेव्हाही तीन, नवव्यातही तीन. पहिल्या आकड्यात तीन जास्त आणि शेवटच्या आकड्यातही तीन जास्त, मग वजाबाकीत ते तीन उडून जातात आणि वाढ बरोबर मिळते. मला वाढ हवी होती. तुमची चूक हलत नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. हिला मी तेच शिकवत होते. म्हटलं, असा न हलणारा हात तुला यायला अजून पंधरा वर्षं लागतील."

 दारापाशी अर्धं मिनिट थांबले असते, तर तो दिवस माझा होता.

"आता काय करायचं?" धाकटीनं विचारलं. माझ्यातर्फे विचारल्यासारखं.

"पट्टी मिळाली म्हणजे सगळं मिळालं," मॅडम म्हणाल्या. "साठही कुंड्या आत्ता दोन्ही पट्ट्यांनी मोजायच्या. सगळीकडे तीनचा फरक निघाला, तर पहिल्या आठ आठवड्यांतून तीन वजा करायचे. प्रयोग वाचला." त्या उठल्या. मी सवयीनं हात पुढे केला. मॅडमनी दोन्ही पट्ट्या धाकटीच्या हातात दिल्या आणि नोंदवही माझ्या. "तुम्ही लिहा," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "आणि पुढच्या प्रयोगातही ही मोजेल, तुम्ही लिहाल."

मग साठ कुंड्या. ती गुडघ्यावर बसायची, आधी तिची पट्टी, मग माझी. माझी लाकडी पट्टी तिच्या हातात बघायला मला कसं वाटलं, ते सांगत बसत नाही. ती आकडा बोलायची, मी लिहायचे. एकशेएक्कावन्न, एकशेचोपन्न. एकशेअडतीस, एकशेएक्केचाळीस. तीन. तीन. तीन. साठ वेळा तीन. माझ्या हातानं मी ते लिहिले. दुपारी मॅडमनी धाकटीच्या कंत्राटाच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी आम्ही दोघी पायीच घरी निघालो. रस्ता तोच, रोज ती एक पाऊल मागे असते, त्या दिवशीही होती. कोपऱ्यावरच्या चांभारापर्यंत मी कळ काढली.

"खणातली पट्टी कधी बघितलीस?"

"तुम्ही ठेवलीत त्याच संध्याकाळी," ती म्हणाली. "सुरी काढताना."

मी थांबले. "म्हणजे सात आठवडे? आणि काय होणार ते तुला कळलं नाही?"

"कळलं की. अर्ध्या कपड्याला एक टेप आणि अर्ध्याला दुसरी लावली की काय होतं, ते मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस? मला सांगायचं, मॅडमना सांगायचं! नोकरी जात होती तुझी, बाई!"

 तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही माझ्यासारखी पट्टी घेतलीत. माझ्यासारख्या गुडघ्यावर बसायला लागलात, एक डोळा मिटून. नऊ वर्षांत तुम्ही माझं काहीसुद्धा घेतलं नव्हतंत, जाऊबाई. दर रविवारी ठरवायचे, उद्या सांगून टाकू. आणि सोमवार उजाडला की वाटायचं, अजून एकदा बघू दे."